शंभर वेळा ‘विद्यार्थी’

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या महिला मंडळाने सोसायटीच्या सभागृहात घेतलेल्या पालक मेळाव्यातील भाषण. बोललेलेच थोडे नीटनेटके करून येथे दिले आहे.)



मंडळानं मला विषय दिला, ‘मुलांचं शुद्धलेखन कसं सुधारावं’. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं, तेव्हा बाईंना हे येतच असणार, असा तुमचा समज. त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी एक विचारते. आत येताना फाटकाजवळची पाटी किती जणांनी वाचली? ‘सुचना : पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर लावावीत.’ मंडळी, ‘सूचना’ शब्दातला ‘सू’ दीर्घ. आपल्या पाटीवर तो ऱ्हस्व आहे आणि सोसायटी झाली तेव्हापासून तसाच आहे. मध्ये दोनदा रंग दिला, तर पेंटरनं दोन्ही वेळा इमानदारीनं तीच चूक गिरवली. या २५ वर्षांत त्या पाटीवरून आपण कोणाला ओरडलो नाही. ‘शेजारच्या सोसायटीची पाटी बघ जरा’ असं कोणाला म्हणालो नाही. कोणाचं खेळणं बंद केलं नाही. आता हीच चूक आपल्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरानं वहीत केली की घरात काय होतं, ते आठवा. मला त्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. माझ्या थोरल्याला विचारून सांगते आहे. तो मागच्या रांगेत बसलाय आणि मान खाली घालून हसतोय.

तो चौथीत होता. आम्ही तेव्हा पाथर्डी तालुक्यात राहायचो. पोरगं बोलण्यात तरबेज. तोंडी गणित माझ्या आधी सोडवायचं. बंद पडलेलं गजराचं घड्याळ उघडून परत चालू करायचं. वही उघडली की मात्र सगळा आनंदीआनंद. ‘विद्यार्थी’ हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आलेली, त्यात बाईंच्या मुलाची ही वही, म्हणून मला लाज वाटायची. एका संध्याकाळी मी त्याला तो शब्द १०० वेळा लिहायला बसवलं. पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही.

रात्री मी वही तपासली. पहिले १२ शब्द बरोबर, कारण वर बघून उतरवलेले. तेराव्याला रफार गेला आणि तो परत आलाच नाही. पुढे ‘द्या’चा ‘ध्या’ झाला. शेवटच्या ओळींत तर अक्षरं एकमेकांवर चढलेली आणि कागद एका ठिकाणी ओला होऊन फाटलेला. आज हिशेब करते तेव्हा कळतं, की मी त्याच्याकडून बरोबर शब्दाचा सराव १२ वेळा करून घेतला आणि चुकीच्या शब्दाचा ८८ वेळा. त्या रात्री मला हे कळलं नाही. मी पट्टी काढली.

पुढे तो शिकायला पुण्याला गेला, वसतिगृहात राहिला. इतर आयांना मुलांची पत्रं यायची. आमच्याकडे तीन वर्षांत एक कार्डही आलं नाही. दर रविवारी रात्री एसटीडी बूथवरून फोन यायचा, तेवढाच. मी म्हणायची, पोरगं बेपर्वा आहे. त्याचं लग्न झाल्यावर एकदा सहज बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘आई, पत्र लिहिलं असतं तर तू आधी चुका मोजल्या असत्या.’’ मी काही उत्तर दिलं नाही, कारण खरं होतं ते. मी मोजल्याच असत्या.

सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे आपल्याच नगरमध्ये, मिस सिंथिया फेरार यांच्याकडे घेतले. शिकवायचं कसं हे शिकावं लागतं, ही गोष्ट या गावाला पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे. मला ती कळायला नातू दुसरीत जावा लागला.

नातवाच्या शाळेत दर गुरुवारी श्रुतलेखन असायचं. दर गुरुवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं. शुक्रवारी पोरगं ठणठणीत. सून म्हणाली जंत असतील, मी म्हटलं असतील. चौथ्या गुरुवारी मी त्याच्या दप्तरातली वही काढून बघितली आणि मला ३० वर्षांपूर्वीची वही दिसली. तोच गेलेला रफार आणि तीच उलटसुलट वेलांटी. थोरला माझ्या शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, ‘‘आई, याला शंभर वेळा लिहायला नको लावूस.’’

तेव्हापासून मी या विषयाची विद्यार्थिनी झाले. जे वाचलं आणि करून पाहिलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

मुलं चुकतात का?

आपण म्हणतो, मराठी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो. पूर्ण खरं नाही ते. लहान मुलाच्या बाजूनं बघा. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८ आकार झाले. त्यावर जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’ ऐकताना आधी ‘क’ आणि मग ‘इ’ येते, पण कागदावर वेलांटी ‘क’च्या आधी, डावीकडे. ‘पाथर्डी’ म्हणताना ‘र’ आधी आणि ‘डी’ नंतर, पण लिहिताना ‘डी’ काढून त्याच्या डोक्यावर रफार. म्हणजे कान एक क्रम सांगतो आणि हात दुसरा क्रम करतो. आपल्याला सवयीनं जमतं. सात वर्षांच्या मुलाला त्याचा हिशेब करावा लागतो, आणि तोवर बाई पुढच्या शब्दावर गेलेल्या असतात.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. रोजच्या बोलण्यात आपण ‘सूचना’ आणि ‘सुचना’ वेगळं म्हणतो का? नाही म्हणत. मग मुलानं ऐकून ओळखायचं कसं? आपल्या पणजोबांच्या काळातले जमिनीचे कागद मोडीत असत. त्या मोडीत वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळतच नसत, आणि त्यावर व्यवहार बिनघोर चालले. आजोबांची जुनी पत्रं घरी असतील तर बघा. ‘नांव’, ‘पांच’, ‘घरांत’ असे अनुस्वार सापडतील. तेव्हा ते शुद्ध होतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, आणि आज आपण त्या १८ नियमांनी लिहितो. नियम हवेतच, नाहीतर एकमेकांचं लिहिलेलं वाचताना अडखळायला होईल. पण ते माणसांनी ठरवलेले आहेत आणि शिकून येतात, एवढं ध्यानात ठेवलं की मुलाची चूक हा गुन्हा वाटत नाही.

तिसरं, घरची बोली. आपल्याकडे किती आज्या ‘पानी’ म्हणतात! नातू ‘पानी’ लिहितो, म्हणजे त्यानं नीट ऐकलं आणि ऐकलं तसं लिहिलं. त्याला सांगायचं, आजी ‘पानी’ म्हणते, पुस्तकात ‘पाणी’ लिहितात, दोन्ही आपलंच. आजीला चूक ठरवायची गरज नाही.

आणि सेमी-इंग्रजीमुळे पहिलीपासून दोन भाषांचा भार. इंग्रजीत तर ‘सेड’ उच्चारायचं आणि एस-ए-आय-डी लिहायचं. पोरगं एस-ई-डी लिहितं. मंडळी, चुकलं खरं, पण डोकं चालवून चुकलं.

घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट, डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसत नसेल तर तुमचा सगळा सराव वाया.

दुसरी, वेळ थोडा ठेवा. रोज १० ते १५ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एका वेळी पाच शब्द, त्यातले तीन येणारे आणि दोन नवे. येणारे शब्द असले की मूल बसतं.

तिसरी, पद्धत. आमच्या घरी तिला नातवानंच नाव दिलंय, ‘बघ, म्हण, झाक, लिही, ताड’. शब्द नीट बघायचा. तुकडे पाडून मोठ्यानं म्हणायचा, ‘वि-द्यार्-थी’, प्रत्येक तुकड्याला एक टाळी. मग हातानं झाकायचा. आठवून लिहायचा. शेवटी हात काढून आपला आपण ताडून बघायचा. यात महत्त्वाचं आहे ते झाकणं. बघून उतरवलेले १२ शब्द थोरल्यानंही बरोबर काढले होते, पण त्यात आठवण्याचं काम काहीच नव्हतं. आणि चूक मुलानं स्वतः शोधायची, आपण नाही.

चौथी, बोट. परातीत रवा किंवा रांगोळी पसरा. अडलेलं अक्षर तोंडानं म्हणत बोटानं मोठं काढायला लावा. चुकलं तर परात हलवली की पुसलं. वहीतली खाडाखोड दिसत राहते, रव्यातली दिसत नाही. नातवाचा रफार परातीतच पक्का झाला. नंतर त्या रव्याचा शिरा झाला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. आज कळलं!

पाचवी, नियम थोडे पण कामाचे सांगा. एक नियम असा, की मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो दुसरा, म्हणजे दीर्घ : वही, पाणी, लाडू, चाकू, कवी, गुरू. ‘आणि’ हा त्यातला ठळक अपवाद. एवढ्या एका नियमानं बऱ्याच चुका जातात. दुसरा नियम जोडीनं शिकवा : फूल-फुले, मूल-मुले, बहीण-बहिणी. शेवटचं अक्षर साधं, तर आधीचं बहुधा लांब. शेवटाला काना-मात्रा-वेलांटी आली की आधीचं आखूड. ‘गुण’, ‘विष’, ‘पूजा’, ‘परीक्षा’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम मानत नाहीत. ते सरावानं येतील. शंका आली तर मोठ्यांसाठी अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ घरात ठेवा. मीही अजून उघडून बघते, आणि नातवासमोर बघते. आजीलाही बघावं लागतं हे त्याला दिसलं पाहिजे.

सहावी, गावच पुस्तक करा. माळीवाड्याच्या बसस्थानकावर नातवाला घेऊन मी अर्धा तास बसते. गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. आपल्या जिल्ह्याचे १४ तालुके म्हणजे अख्खी बाराखडी आहे हो! ‘कर्जत’ आणि ‘पाथर्डी’त रफार. ‘श्रीगोंद्या’त ‘श्री’ही आहे आणि अनुस्वारही. ‘राहुरी’त पहिला उकार आणि दुसरी वेलांटी. गाव ‘श्रीरामपूर’, पण आपण राहतो ‘श्रीरामपुरात’, म्हणजे फूल-फुलेचाच नियम. राहाता तालुक्यातलं ‘लोणी’ आलं की आजीचं ‘पानी’ आठवतं. आणि जिल्ह्याचं नाव ‘अहिल्यानगर’ झालं, तेव्हा आपण मोठी माणसंसुद्धा अर्ज भरताना क्षणभर थांबत होतोच की, ‘ल्या’ नीट पडला का बघत. मुलाला प्रत्येक ओळीत असं थांबावं लागतं.

सातवी, लाल पेन बाजूला ठेवा. ‘विद्याथी’ लिहिलं, तर ‘चूक’ म्हणण्याऐवजी म्हणा, ‘‘वि बरोबर, द्या बरोबर, थी पण आला. त्याच्या डोक्यावर काहीतरी राहिलंय, काय ते?’’ तो स्वतः रफार देतो. जवळजवळ सगळं बरोबर असलेल्या शब्दावर आपण लाल फुली मारत होतो.

आणि आठवी, माझ्या मते सगळ्यांत मोठी. लिहिणं आणि शुद्धलेखन वेगळं ठेवा. मूल मामाला पत्र लिहीत असेल, गोष्ट लिहीत असेल, तर त्या कागदाला हात लावू नका. तिथं फक्त वाचा आणि म्हणा, ‘‘मग पुढे काय झालं?’’ शुद्धलेखनासाठी ती १५ मिनिटं आहेतच. नाहीतर मूल चुकू नये म्हणून सोपेच शब्द लिहायला लागतं आणि हळूहळू लिहायचंच सोडतं. आमच्या घरचं उदाहरण मी सांगितलंच.

एवढं करूनही जमत नसेल तर?

काही मुलांना ही अडचण जास्त खोल असते. दुसरी-तिसरी झाली तरी घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ, काना-मात्रा सतत गळणं, फळ्यावरून उतरवायला वर्गापेक्षा दुप्पट वेळ, अडखळत वाचन. आणि तोंडी विचारलं तर सगळं येतं. घरात आधी कोणाला असा त्रास झाला असेल तर जास्त लक्ष द्या, कारण हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. याला डिस्लेक्सिया म्हणतात. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे हा शब्द घराघरांत पोहोचला. याचा बुद्धीशी संबंध नाही, आळसाशी तर नाहीच. एक बारकावा सांगते. इटालियन, फिनिश यांसारख्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या जाणाऱ्या भाषांत अशी मुलं वाचताना चुका कमी करतात, पण फार सावकाश वाचतात. मराठीही बरीचशी तशीच. म्हणून मूल बरोबर वाचतंय एवढ्यावर थांबू नका, किती दमून वाचतंय तेही बघा.

अशी शंका आली तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, भांडायला म्हणून नव्हे. मग बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सल्ल्यानं मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक. निदान साधारण तिसरीच्या सुमारास अधिक खात्रीनं होतं, पण मदत करायला निदानाची वाट बघायची नसते. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यात महाराष्ट्रानं १९९६ मध्येच पुढाकार घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत याचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर वाढीव वेळ, लेखनिक अशा सोयी मिळतात. ‘आपल्या मुलाला शिक्का बसेल’ म्हणून काही पालक जात नाहीत. मी त्यांना सांगते, शिक्का आधीच बसलेला असतो. ‘ढ’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’. तो आपणच मारलेला असतो. त्यापेक्षा खरं नाव कळलेलं बरं.

माझ्या थोरल्याची तपासणी कधी झालीच नाही. तेव्हा मला शब्दच माहीत नव्हता. आज तो नागापूरच्या एमआयडीसीत मशिनं दुरुस्त करतो, आणि आवाजावरून बिघाड ओळखतो असं त्याचे सहकारी म्हणतात. अर्ज मात्र अजून बायकोकडून लिहून घेतो. नातवाला आम्ही वेळेत दाखवलं. त्याचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. गेल्या आठवड्यातही १० पैकी ६ च आले. पण गुरुवारचं पोट दुखायचं थांबलंय आणि त्यानं मामाला दोन पानी पत्र लिहिलंय. मी ते वाचलं. चुका मोजल्या नाहीत. म्हणजे, खरं सांगायचं तर, मोजायला लागले होते. थांबले.

शेवटी आपल्या सोसायटीपुरतं एक मागणं. मागच्या संक्रांतीला जिन्याखालच्या फळ्यावर एका मुलानं चिठ्ठी लावली होती, आपला हरवलेला मांजा कोणाला सापडला का म्हणून. कोणीतरी मोठ्या माणसानं तिच्यावर लाल पेननं तीन चुका दाखवल्या. संध्याकाळी चिठ्ठी गायब. मांजा कोणी शोधला नाही. मंडळी, तसं करू नका. मुलानं फळ्यावर काही लिहिलं तर आधी त्याचा मांजा शोधून द्या.

आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन साखर कारखाना उभा केला, तो हाच जिल्हा. एका इमारतीतली मुलं मिळून शिकवणं आपल्याला जड नाही. दर रविवारी सकाळी १० ते ११ मी याच सभागृहात बसणार आहे. ज्यांना मुलांना पाठवायचं आहे त्यांनी पाठवावं. फी नाही. मुलांनी येताना पेन्सिल आणावी, मोठ्यांनी लाल पेन घरी ठेवावं.

आणि सेक्रेटरीसाहेब, रौप्यमहोत्सवासाठी फाटकाची पाटी पुन्हा रंगवायची आहे असं ऐकते. पेंटर आला की मला हाक मारा. मी नातवाला घेऊन येते. ‘सू’ कसा लिहायचा, ते तो सांगेल.